अक्काच्या कानाची मशीन आणि शनिवारचा आढावा

दर शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या गावातल्या बहुतेकांच्या मोबाईलवर एक आढावा येतो. गाव नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, नगरपालिकेचं. आढावा पाठवतात माजी नगराध्यक्ष. त्यातला 'माजी' हा शब्द ते स्वतः कधी लिहीत नाहीत. नगरपालिकेवर कितीतरी दिवस प्रशासक बसलेला, यांच्या हाती सही नाही की शिक्का नाही, तरी यांचा शनिवार चुकत नाही. 'माझ्या बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात. मग कोणत्या गल्लीला पाणी कधी, घंटागाडी किती वाजता, नालीचं काम कुठवर आलं, रांगोळी स्पर्धेत पहिलं कोण, आणि शेवटी हात जोडलेला त्यांचा फोटो.

हा आढावा मी मोबाईलवरून वहीत उतरवून घेतो आणि मग पेन्सिलीनं त्यावर खुणा करतो. बायको म्हणते, रिटायर झाले तरी यांची कारकुनी जाईना. तिचं खरं आहे. पंचायत समितीत एकतीस वर्षं मी असेच आढावे टाइप केले. 'काम प्रगतीपथावर आहे' म्हणजे रस्त्याच्या कडेला खडी पडली आहे आणि पोरं तिच्यावर खेळतात. 'प्रस्ताव सादर केला आहे' म्हणजे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. 'तत्त्वतः मान्यता' मिळाली की समजायचं, काहीच मिळालेलं नाही. ज्यानं स्वतः इतकी वर्षं बोलाची कढी वाढली, त्याला दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते वासावरून कळतं. आमच्या गल्लीच्या नालीबद्दल सहा वेळा आढाव्यात आलं आणि सहाही वेळा मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. गावात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात, पण नगराध्यक्षांची माणसं पाठीमागं काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तर अशा एका आढाव्यात कानाच्या शिबिराची बातमी आली. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांची तपासणी, कानाचा साचा, आणि महिन्या-दीड महिन्यानं प्रत्येकाला मोफत मशीन. मी पेन्सिलीनं 'मोफत'खाली रेघ मारली आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. निवडणुकीचे वारे वाहायला लागले होते. आवळा देऊन कोहळा काढायची ही वेळ.

पण मला अक्का आठवली.

अक्का माझी मोठी बहीण, किनवटकडच्या एका खेड्यात असते. तिथल्या विहारातल्या बायांचं गाण्याचं मंडळ आहे आणि त्यात पुढं म्हणणारी अक्का. पहिली ओळ तिनं उचलायची, मग बाकीच्या बायांनी धरायची. शाळा तिची दुसरीतच सुटली, सहीपुरतं लिहिता येतं, पण दीड-दोनशे गाणी तोंडपाठ. चार-पाच वर्षांपासून तिचे कान गेले. ढोलकी ऐकू येईना, मग ती तालाच्या पुढं पळायला लागली. बायांनी आधी तिला खुणा केल्या, मग मागच्या रांगेत बसवलं, मग सरावाचा निरोप देणंच बंद केलं. ती रागावली नाही. मला म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय. मीच ताल सोडून चाललेय." हे तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायला लागला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती झाला तेही कळत नाही.

तिच्यासाठी म्हणून मी शिबिराला गेलो. अक्काला आणलं, रांगेत उभं केलं, साचा झाला. डॉक्टर हैदराबादकडच्या एका संस्थेचे होते, त्यांच्या कामात मला खोट काढता आली नाही आणि त्यामुळं मी जास्तच सावध झालो. फॉर्म मी स्वतः भरला. आधारच्या झेरॉक्सवर आडव्या दोन रेघा मारून मधे 'फक्त श्रवणयंत्रासाठी' असं लिहिलं आणि सही केली. मोबाईल नंबरच्या चौकटीशी मात्र हात थांबला. हा नंबर उद्या त्यांच्या प्रचाराच्या यादीत जाणार. सकाळ-संध्याकाळ फोन, वाढदिवसाचं निमंत्रण, मग मतदानाच्या दिवशी गाडी दारात. अक्काकडं फोन नाही, नंबर माझाच द्यायचा होता. मी शेवटचा आकडा तीनचा आठ केला.

घरी आल्यावर ही हुशारी मी बायकोला सांगितली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अन् मशीन आल्यावर निरोप कुठं येईल?"

"आढाव्यात येईलच की," मी म्हणालो. "फोटोशिवाय ते मशीन वाटतील होय?"

आणि तसंच झालं. पुढं एका शनिवारी आढाव्यात आलं, पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता मंगल कार्यालयात मशीनवाटप. मी वहीत लिहून घेतलं. पाहुणे मुंबईहून यायचे, म्हणजे दहाला सांगितलेला कार्यक्रम एकच्या आत सुरू व्हायचा नाही, असा हिशेबही मी बाजूला मांडला. अक्काला पुतण्याकरवी निरोप धाडला.

अक्का शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेनं नांदेडला उतरली आणि तिथून एसटीनं आली. नव्या चपला, डोकं धुतलेलं. कानाला मशीन बसणार म्हणून कानातली फुलं काढून पदराच्या गाठीत बांधली होती. हातपाय धुऊन होत नाहीत तोच तिनं सांगून टाकलं, "बायांला मी सांगून आलेय. यंदा जयंतीला पुढचं मीच म्हणणार. त्यांनी बी हाव म्हणलं." मी मान हलवली. चांगली बातमी आली की मी आधी खोट शोधतो; तेव्हाही वही काढून तारीख पुन्हा तपासली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आढावा आला. मी वही उघडून बसलो. पहिलीच ओळ: 'आचारसंहिता केव्हाही लागू शकते हे लक्षात घेऊन श्रवणयंत्रांचे वाटप काल शुक्रवारी सर्व लाभार्थ्यांना फोनवर कळवून यशस्वीरीत्या पार पडले.' खाली दहा-बारा फोटो.

पहिल्यांदा मी हसलो. सरळसरळ खोटं. फोटो जुने असणार, दुसऱ्या गावचे असणार. मी एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघायला लागलो. मागचा पडदा बघितला, खुर्च्यांचा रंग बघितला, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं का ते बघितलं. चौथ्या फोटोत पलीकडच्या गल्लीतले रिटायर्ड एसटी ड्रायव्हर दिसले. त्यांच्या कानामागं मशीन होती आणि कुणी अचानक हाक मारावी तसे ते तोंड उघडून बघत होते.

मग माझा राग भडकला. ड्रायव्हरला फोन केला आणि आम्हाला केला नाही, म्हणजे नाव गाळलं. का गाळलं? एक तर माझ्या अर्जांमुळं, नाही तर आडनाव बघून. आमच्या वस्तीतल्या माणसाला हा दुसरा संशय शिकवावा लागत नाही, शाळेच्या पहिल्या रांगेत बसायला गेल्यापासून तो बरोबर असतो, आणि शंभरातल्या कितीतरी वेळा खरा निघतो. मी शर्ट घातला, अर्जांची फाईल काखेत मारली. अक्का ओट्यावर केस विंचरत होती. तिनं विचारलं, "आजच हाय का?" मी हातानं थांब म्हणून खुणावलं आणि निघालो.

संपर्क कार्यालयात नगराध्यक्ष स्वतः होते. चार-पाच माणसं चहा घेत होती. मी उभ्या उभ्याच सुरू झालो. "गोरगरिबाचं नाव गाळायला लाज कशी वाटत नाही? आमची वस्ती दिसली की यादी संपते का तुमची?" अक्काचं नाव घेऊन आणखीही बोललो. फाईल टेबलावर आपटली. माणसांनी कप खाली ठेवले. मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. एकतीस वर्षं मान खाली घालून टाइप केलेलं सगळं त्या दहा मिनिटांत वर येत होतं.

माझं संपल्यावर नगराध्यक्षांनी कोपऱ्यातल्या मुलीला हाक मारली. त्या मुलीनं गठ्ठ्यातून अक्काचा फॉर्म काढला. त्यावर लाल शाईनं चार वेळा तारीख-वेळ टाकली होती आणि प्रत्येक तारखेपुढं लिहिलं होतं, 'नंबर चुकीचा.' मुलगी म्हणाली, "काका, चार टाइम लावला मी. एक बाई उचलते, तिकडं तेलंगणात कुठं. तेलुगूत बोलते. मी मावशीचं नाव सांगून सांगून थकले. गावाचं नाव किनवट लिहिलंय, तिकडं कुणाला पाठवू?"

नगराध्यक्षांनी फॉर्म माझ्याकडं सरकवला. "भाऊसाहेब, अक्षर तुमचंच हाय ना?"

माझंच होतं. ठसठशीत, सरळ, चौकटीच्या मधोमध. पंचायत समितीत ज्या अक्षराचं कौतुक व्हायचं ते. शेवटचा आठ तर इतका सुबक काढला होता की कुणाला शंका येऊ नये.

"चुकून झालं असेल," ते म्हणाले. मी हो म्हणू शकलो असतो. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलंय असं मला वाटलं, आणि कळलं नसेल असंही वाटलं. मशीनचं विचारलं तर म्हणाले, समोर सही घेतल्याशिवाय देत नाहीत, संस्थेची गाडी काल उरलेल्या मशिनी घेऊन परत गेली. "आता इलेक्शन होऊ द्या. मग बघू." मशिनींच्या खोक्यांवर त्यांचा फोटो चिकटवलेला होता, एक रिकामं खोकं टेबलाखाली पडलं होतं. मी त्या खोक्यावरून संशय घ्यायला बघितलं. कागद कुणाच्या पैशाचा, फोटो कुणाच्या परवानगीनं. जमलं नाही. फाईल उचलून मी बाहेर आलो.

घराकडं येताना तीन वेगवेगळ्या गोष्टी मी मनाशी रचल्या. शिबिरच रद्द झालं. मशिनी कमी पडल्या. पुढाऱ्यांनी आपल्या लोकांना वाटल्या. तिसरी गोष्ट तर कुणीही मान्य केली असती, वस्तीत त्यावर सभा भरली असती.

अक्का ओट्यावरच होती. केस बांधून झाले होते, पदर नीट घेतला होता. मला बघून उठली आणि चपला घालायला लागली. तिचा पाय चपलेत जाताना बघितला आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी म्हणालो, "मशीन परत गेली."

"आँ?"

"मशीन परत गेली!"

"कोन गेलं?"

लिहून दाखवावं तर तिला वाचता येत नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडलो, "मशीन परत गेली! त्यांनी फोन केला होता! मी नंबर चुकीचा दिला होता!" शेजारच्या घरात भांडी घासायचा आवाज थांबला. समोरच्या ओट्यावरचे दोघं उठून उभे राहिले. बायको दारात आली आणि तिथंच थांबली.

अक्काला कळलं. ती म्हणाली, "कामून दिलास?"

माझ्याकडं कारणं होती. पेन्सिलीच्या खुणांची वहीच्या वही भरली होती. पण ती कारणं चहाच्या टपरीवर हळू आवाजात सांगायची असतात, भर दुपारी बहिणीच्या कानात ओरडायची नसतात. मला एवढी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

तिनं चपला काढून भिंतीला लावल्या. पदराच्या गाठीतली फुलं काढून पुन्हा कानांत घातली, त्यातलं एक दोनदा खाली पडलं. मग म्हणाली, "बायांला फोन लाव. सांग, म्या न्हाई म्हणणार म्हणून. त्या खोळंबून बसतील."

मी मंडळातल्या एका बाईचा नंबर पुतण्याकडून घेतला आणि फोन लावला. अक्का अगदी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "खरं सांग. मशीन आली न्हाई असं सांगू नकु. माझ्या भावानं नंबर खोटा दिला म्हणून सांग." आणि माझ्या ओठांवर नजर लावून राहिली. तिला ऐकू येत नव्हतं, पण मी काय बोलतोय ते ती डोळ्यांनी तपासत होती.

मी खरं सांगितलं. शब्दन् शब्द. पलीकडची बाई म्हणाली, "बरंच झालं म्हणा दादा. आम्ही आधीच दुसरी ठरवलीय पुढं म्हणायला. अक्काला कसं सांगावं हेच कळंना झालतं. ती मशीन लावून आली असती तर लई अवघड झालं असतं." मग तिनं जयभीम म्हणून फोन ठेवला.

"काय म्हनली?" अक्कानं विचारलं.

समोरच्या ओट्यावरचे दोघं अजून उभेच होते. मी तोंड तिच्या कानाशी नेलं आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो, "लई वाईट वाटलं म्हणली! तुझ्यावाचून कसं व्हावं म्हणली!"

अक्कानं कान मागं घेतला, माझ्याकडं नीट बघितलं, आणि माझ्या ओठांवर बोट दाखवून म्हणाली, "हिकडं बघून सांग."