मेव्हण्याची मोजदाद

आमच्या मेव्हण्याएवढा उंच माणूस जालना जिल्ह्यात आणखी एखादा निघेलही. पण जिथं जाईल तिथं राम राम घालण्याआधी माणसं मोजणारा दुसरा कुणी निघाला, तर मी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याच्या दारात झाडू मारायला जाईन. मेव्हणा म्हणजे आमच्या मंडळींचा धाकटा भाऊ. गाव धावडा, घर मेंढपाळांचं, उंची साडेसहा फुटांवर चार बोटं आणि धंदा बास्केटबॉल. माझ्या लग्नात कान पिळायचा मान त्याचा होता. तेव्हा तो नववीत होता आणि मी चांगला कमावता नवरदेव, तरी माझा कान पिळायला त्यालाच वाकावं लागलं. कानाला हात लावण्याआधी त्यानं मांडवावरून एकदा नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि मला म्हणाला, "दाजी, तुमच्याकडचे एकशे बारा आलेत. वापस जाताना एकशे तेरा भरतेत का बघा. आमची अक्का धरून." मग कान असा पिळला की पुढचे दोन दिवस मला त्या कुशीवर झोपता आलं नाही.

ही खोड मूळची सासऱ्यांची. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यात घालताना सासरे जाळीच्या तोंडाशी काठी आडवी धरून बसत आणि जोडीजोडीनं आत सोडत. दोन, चार, सहा, आठ. शेवटची जोडी आत गेली आणि आकडा जमला की एकच शब्द म्हणत, "बराबर." तो शब्द कानावर पडल्याशिवाय त्या घरात कुणाच्या ताटात भाकरी पडत नसे. पोरं भुकेनं कळवळेनात का, पाव्हणे येऊन बसेनात का, बराबर नाही तर भाकरी नाही! मी नवा जावई असताना एकदा एक कोकरू कमी भरलं आणि माझं ताट तसंच झाकून राहिलं. शेवटी सासूबाई टेकडीवर चढल्या आणि त्यांनी अशी हाळी घातली, की पलीकडच्या उतारावरून ते कोकरू बेंबें करत धावत आलं. ती हाळी मला कागदावर उतरवता येणार नाही. 'हुर्र' आणि 'याऽऽ' यांच्या मधलं ते काहीतरी आहे, आणि ती ऐकली की माणूससुद्धा त्या दिशेला दोन पावलं टाकतो. मी टाकली होती.

अशा घरात बास्केटबॉल शिरला कसा, तर बाभळीच्या शेंगांमुळं. हसनाबादच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी या पोराला शेळ्यांसाठी शेंगा पाडताना पाहिलं. बाकीची पोरं आकडी लावून पाडत होती आणि हा नुसता हात वर करून तोडत होता. सर पोराशी एक शब्द बोलले नाहीत, सरळ धावड्याला सासऱ्यांपुढं जाऊन बसले. सासऱ्यांनी खेळ काय, बक्षीस काय, काही म्हणता काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, "तिथं किती गडी असतेत?" सर म्हणाले, "एका बाजूला पाच." सासरे हसले. "पाचच? मंग सांभाळंल. इथं दोनशे सांभाळतो." झालं! पोरगं पुण्याला गेलं, देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये दोन वर्षं खेळलं आणि तिथून जे परदेशात उडालं ते अकरा वर्षं तिकडंच. या अकरा वर्षांत त्यानं पाच देश बदलले. सासूबाई पाचही देशांना मिळून 'थंडी' म्हणायच्या. "कुठं आहे हो तुमचा लेक?" असं कुणी विचारलं की सांगायच्या, "थंडीत हाय."

थंडीतसुद्धा मोजणं सुटलं नाही. एकदा संघाची बस वाटेत पेट्रोल पंपावर थांबली, सगळे हातपाय मोकळे करून परत चढले, बस निघाली. मेव्हण्यानं सवयीनं पाठमोऱ्या मुंड्या मोजल्या आणि ओरडला, एक कमी! कुणी लक्ष देईना, तेव्हा हा आपला ताडमाड देह घेऊन ड्रायव्हरशेजारी जाऊन उभा राहिला. बस वळवून नेली तर पंपावर बर्फात, नुसत्या स्वेटरवर, त्यांचे मुख्य प्रशिक्षकच कुडकुडत उभे. त्या दिवसापासून तिथल्या बसचा असा रिवाज पडला, की मेव्हण्यानं मागं उभं राहून मोजावं आणि सगळ्या गोऱ्या गड्यांनी त्याच्याबरोबर एका सुरात ओरडावं, "दोन! चार! सहा!" तो फोनवर ते आम्हाला ऐकवायचा. आमच्या गल्लीतली इंग्रजी शाळेत जाणारी पोरं मराठी आकड्याला अडखळतात, आणि तिकडं ती दांडगी मंडळी चोवीसपर्यंत बिनचूक जायची. सुट्टीत गावी आला की पंगतीतसुद्धा याचं तेच. माझ्या पुतणीच्या लग्नात जिलबी वाढता वाढता तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दाजी, दोघं जास्तीचे बसून राह्यलेत. शेजारच्या मांडवातले दिसतेत." मी बाह्या सरसावून उठायला लागलो, तर त्यानं मला खांद्याला धरून खाली बसवलं. त्यानं खाली बसवलं की माणूस बसतोच. "जेवू द्या हो. जास्तीचे चालतेत. कमी न्हाई चालत." आणि त्या दोघांच्या पानात त्यानं दुप्पट जिलब्या टाकल्या.

हा सुट्टीवर आला की मी त्याला मोटारसायकलवर मागं बसवून जालन्यात हिंडवायचो, त्याचं वर्णन करायलाच हवं. त्याचे दोन गुडघे दोन्हीकडं असे बाहेर निघायचे, की एमआयडीसीच्या रस्त्यावर सळईचे टेम्पोवालेसुद्धा आपणहून कडेला व्हायचे. आमच्या कंपनीत पाळी सुटली की तो फाटकाशी उभा राहून बाहेर पडणारे कामगार मोजायचा आणि वॉचमनला विचारायचा, "सकाळी किती गेल्ते आत?" वॉचमन बिचारा त्याला साहेबांकडचा माणूस समजून रजिस्टर घेऊन धावायचा.

तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. मेव्हणा थंडीतून निघाला, पण पोचायला तिसरा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी चुलतभावानं मेंढरं जाळीत घातली. हा काठीजवळ उभा होता, पण त्यानं मोजली नाहीत. जेवायला बसलो तेव्हा त्यानं ताट पुढं ओढलं आणि तसाच बसून राहिला. कुणीतरी एक शब्द म्हणायचा राहिला होता, आणि तो कुणी म्हणायचा हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढा एकच दिवस मला त्याची उंची कमी वाटली.

सासऱ्यांनी लेकाचा खेळ कधी पाहिला नाही. सासूबाईंनीही नाही. पुण्याला खेळायचा तेव्हा दोघांचं उत्तर ठरलेलं, "मेंढरं कुणी राखायची?" म्हणून यंदा बातमी आली तेव्हा आमच्या घरात दिवाळी झाली. पुण्याच्या एका संघानं मेव्हण्याला परत वरच्या लीगमध्ये घेतलं! वय छत्तीस, म्हणून आधी चारच सामने. जमलं तर सगळा मोसम, नाही जमलं तर खेळ कायमचा बंद आणि धावडा. पहिल्या तीन सामन्यांत त्याला उठवलंच नाही, नुसता बाकावर बसवून ठेवला. बाकावर बसून त्यानं प्रेक्षक मोजले असणार. चौथा सामना रविवारी दुपारी होता. सासूबाईंनी मेंढरं पुतण्यावर सोपवली आणि म्हणाल्या, "यंदा बघते. मंग बघायचं राह्यलं तर जीव लागून राहील." मेव्हण्यानं पंधरा पास धाडले. आम्ही चौदा जण क्रूझर गाडीत कोंबून पहाटेच निघालो.

आत पहिल्याच ओळीत आमच्या खुर्च्या. सासूबाईंनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं. एका सभ्य गृहस्थानं "आजी, इथं बसू का?" विचारलं, तर ठणकावून म्हणाल्या, "माणूस हाय इथं." एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसला हा प्रकार पाहून मी शरमेनं दुसरीकडं बघत बसलो. दुसऱ्या डावात मेव्हण्याला आत घेतलं. त्यानं एक चेंडू टोपलीत टाकला, एक अडवला, आणि तीनच मिनिटांत प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बोलावलं. या खेळात गडी बदलत राहतात, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. आमचे चुलत सासरे, तात्या, जन्मभर कबड्डी खेळलेले. त्यांचं डोकं फिरलं. "बाद कसा? अंगाला हात बी लागला न्हाई! बिलकुल चुकीचं हाय!" मी त्यांना ओढून खाली बसवतोय, तोवर आमच्या संघाची टोपली झाली. कबड्डीत गुण मिळाला की आपला बाद गडी परत आत जातो. तात्या ताडकन उभे! "गुण झाला! आमचा गडी सोडा आत!" बाकीचे तेराही उभे. "सोडा आत! सोडा आत!" पुढच्या टोपलीला मागची ओळ ओरडली, त्याच्या पुढच्या टोपलीला अर्धं सभागृह. दर टोपलीला तेच. पुणेकरांना वाटलं हा काही नवा पुकारा आहे. प्रशिक्षक आधी वैतागले, मग हसले, आणि शेवटच्या डावात त्यांनी मेव्हण्याला खरंच सोडलं आत. तात्या मिशीवर हात फिरवत मला म्हणाले, "नियम म्हंजे नियम, जावईबापू."

आणि गडी खेळला हो! अंगानं थकलेला, पण कुणी कुठं आहे हे न बघता कळणारा. मोकळा राहिलेला माणूस त्याला पाठीमागूनही दिसायचा. शेवटी दोन्हीकडचे गुण सारखे, मोजून चार सेकंद उरलेली, आणि त्याला धक्का बसला म्हणून दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टोपलीत टाकायचे दोन चेंडू, मिळाले. चेंडू हातात घेऊन त्यानं आमच्याकडं पाहिलं. ओठ हलताना मला दिसले. दोन, चार, सहा... आणि ओठ थांबले. मी वळून बघतो तर सासूबाई जागेवर नाहीत! नुसतं गाठोडं. त्यानं चेंडू टाकला, तो कडीवर आदळून बाहेर आला. आमच्या मंडळी रडायच्या बेतात. एवढ्यात मागून, पार वरच्या शेवटच्या पायरीवरून, ती हाळी आली. सगळं सभागृह वळलं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या. खालून काय दिसतं, कळप नेहमी उंचावरून बघावा, म्हणून बाई चार डाव संपता संपता वर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मेव्हण्यानं वर बघितलं, हसला आणि दुसरा चेंडू टाकला. तो कडीला न शिवता आत गेला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तात्यांच्या गळ्यात पडलो होतो.

संघानं त्याला सगळ्या मोसमासाठी ठेवून घेतल्याचं तिथंच कळलं. दिवस मावळायला आला तेव्हा तो आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आला. आम्ही क्रूझरजवळच गाठोडं सोडून बसलो. तो उभाच. दोन, चार, सहा, बोट फिरत फिरत चौदावर आलं आणि अधांतरी थांबलं. मी म्हणालो, "अरे, चौदाच आलो आम्ही. एक पास फुकट गेला बघ." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "दाजी, मी पंधराच धरले व्हते." सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आतून तो पंधरावा पास काढला, मांडीवर नीट सरळ केला आणि त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "बराबर हाय रे. बस खाली."

तो बसला. सासूबाईंनी त्याच्या हातावर भाकरी ठेवली आणि तो जेवू लागला.