तिसऱ्या भागात परत आलेला हात

आत्याचा तिसऱ्या भागावर भरवसा नव्हता. पहिला भाग आम्ही दोघींनी चार वेळा पाहिला होता, दुसरा तीन वेळा. दुसरा बघून बाहेर पडतानाच ती म्हणाली होती, की हे लोक शेवटी माती खाणार.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिनेमा परदेशी, पण बोलायचा हिंदी. त्यातला नायक खाणीतला कामगार. स्फोटानंतर त्याच्या हातांत अचाट बळ येतं, मात्र दर वेळी ते बळ वापरलं की बोटं थोडी थोडी बधिर होत जातात. दुसऱ्या भागाच्या शेवटी कोसळता पूल पेलून धरताना त्याचा उजवा हात कायमचा जातो. तो डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला बघतो, एक लागतं, दुसरं लागत नाही, आणि सिनेमा संपतो.

आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, अंबरनाथला आमच्याकडेच राहायची आणि एमआयडीसीत विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काम करायची. मी तिसरीत असताना त्या प्रेसखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. म्हणूनच तिला हा नायक आवडतो, असं घरात सगळे म्हणत. याचा तिला भयंकर राग यायचा. तो कमी बोलतो आणि कामाला उशीर करत नाही, म्हणून आवडतो, असं ती सांगायची.

तिसऱ्या भागाचं पोस्टर स्टेशनजवळच्या भिंतीवर लागलं, तेव्हा ती मला मुद्दाम तिथं घेऊन गेली. नायकानं दोन्ही मुठी आभाळाकडे उगारल्या होत्या.

"ही उजवी मूठ वळलीच कशी?" ती म्हणाली.

पोस्टरवाले काहीही रंगवतात, असं मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. तिच्या खात्यातल्या बायकांमध्ये यावरून दोन तट पडले. बहुतेकींचं म्हणणं, हिरोच आहे तो, शेवटी हात परत यायलाच हवा. आत्या विचारायची, मग आधीचे दोन भाग काय गंमत म्हणून दाखवले? माझे वडील जेवताना म्हणाले, करमणूक आहे, इतकं काय मनाला लावून घेतेस. त्या दिवशी तिनं ताक न पिताच पान उचललं.

तिच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असायची, त्यामुळे पहिल्याच दिवशी आम्ही रिक्षानं उल्हासनगरला गेलो. तीनचा खेळ, थेटर खच्चून भरलेलं. निम्मे लोक अंबरनाथच्या कारखान्यांतलेच. मध्यंतरानंतर नायक पुन्हा खाणीत उतरला, खलनायकाला त्यानं एका हातानं आडवं केलं, वरून छत कोसळलं, धूळ उडाली, आणि दिवे लागले.

लोक उठायला लागले. आत्या बसून राहिली. मग म्हणाली, "रीळ कापलंय."

आम्ही थेट ऑफिसात गेलो. मॅनेजर सफारी घातलेले सिंधी गृहस्थ होते, वागायला सभ्य. त्यांनी लपवलंही नाही. सिनेमा लांब आहे, दिवसाचे चार खेळ बसवायचे असतात, शेवटी काही नाही, नुसता शेवट आहे, असं त्यांनी हिंदी-मराठी मिसळून समजावलं.

"तो जगला की मेला?" आत्यानं विचारलं.

"बहनजी, हिरो है. जिएगा ही."

हे ऐकून माझंही डोकं तापलं. दोन वर्षं वाट बघायला लावायची, आणि शेवट काय तो ऑफिसातल्या खुर्चीत बसून तोंडी सांगायचा? आत्या आवाज न चढवता म्हणाली, की ते आम्ही बघून ठरवू. मग ती ऑफिसच्या दाराशी पायरीवर बसली. तिच्या खात्यातल्या दोघी शेजारी बसल्या, मागोमाग आणखी लोक. सहाच्या खेळाची रांग लागली होती. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, आणि आपल्यालाही शेवट मिळणार नाही हे कळल्यावर तेही आमच्यात आले. तेव्हा कुठे मॅनेजर उठले.

आम्ही भिंतींना टेकून उभे, सहाचं गिऱ्हाईक खुर्च्यांत, अशा अवस्थेत ते शेवटचं रीळ लागलं. सहाच्या लोकांना सुरुवातीआधीच शेवट बघावा लागला. त्यांनी मॅनेजरांना शिव्या घातल्या, थोड्या आम्हालाही.

दगडांखाली नायक पडलेला. कुठून तरी निळा उजेड आला, त्याच्या मेलेल्या आईचा आवाज आला, आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून हलायला लागली. मग दोन्ही मुठी. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. मीही टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता आत्याकडे बघितलं आणि हात खाली घेतले. ती पदर खोचून दाराकडे निघाली होती.

बाहेर मॅनेजरांनी विचारलं, झालं समाधान?

"वाईट आहे," ती म्हणाली. "पण ते मला स्वतः बघूनच ठरवायचं होतं."

रिक्षात मी म्हटलं, आत्या, माझ्या हातून टाळ्या वाजल्या गं. ती म्हणाली, वाजव की, तुझी दहाही बोटं आहेत. तो राग माझ्यावर नव्हता हे मला आज कळतं, तेव्हा मात्र मी घरापर्यंत रडत आले. मला अजूनही त्या सिनेमावाल्यांचा संताप येतो. ज्यांनी ती न लागणारी बटणं दाखवली, त्यांना आपण काय दाखवलं हे समजलंच नव्हतं. कुणाचा तरी हात खरोखर गेलेला असतो आणि तो माणूस तिकीट काढून तुमच्यासमोर बसलेला असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या आठवड्यात तिच्या खात्यातल्या चौघी सिनेमाला जाऊन आल्या. आता शेवटचं रीळही दाखवतात, शेवट फार छान आहे, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. आत्या तीन दिवस त्यांच्याबरोबर डबा खायला बसली नाही. चौथ्या दिवशी त्यांच्यातली एक आपला डबा घेऊन आत्याच्या प्रेसजवळ आली आणि म्हणाली, शेवटाचं राहू दे, दुसऱ्या भागातलं ते शर्टाच्या बटणांचं पुन्हा सांग. आत्यानं सांगितलं.