निळी बादली
द्राक्षबागेवर फवारायचं बोर्डो औषध कालवताना मोरचुदाची पूड पडली, की बादलीतलं पाणी निळंशार होतं आणि मला शेजारच्या निवृत्त सुभेदारांचा फिशटँक आठवतो. बायको गेल्यावर त्यांनी त्यात खरी पाणझाडं लावून मासे पाळले होते, आणि दिवसातला निम्मा वेळ ते त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसत. एकदा माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. त्यातच त्यांना दोन दिवस म्हसवडला देवाला जायचं होतं. माझ्याकडं किल्ली देताना ते म्हणाले, “दुकानातलं औषध सकाळी चार थेंब घाल. दुसरं काय बी करू नगंस, झाडं लय नाजूक हाईत.” पण द्राक्षवाल्याला औषधातलं कोण शिकवणार! वेलीवरचा केवडा रोग मोरचुदानं हटतो, तिथं हे ठिपके काय टिकणार, अशा तोऱ्यात मी चिमूटभर निळी पूड टँकमध्ये सोडली. दुसऱ्या दिवशी सगळे मासे उताणे तरंगत होते, झाडांची पानं शिजल्यासारखी लोंबत होती. मी घाईघाईनं पाणी बदललं, आणि ते आल्यावर रोगच जोराचा होता म्हणून सांगितलं. रिकाम्या टँककडं बघत ते म्हणाले, “तुजा काय दोष न्हाई गड्या. आजारी मासं टाकून मीच जायाला नको हुतं.” मग त्यांनी चहा केला, आणि मी तो खाली मान घालून प्यालो. आज सकाळी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, “फवारणी व्हय रं?” व्हय म्हणता म्हणता मी बादली पाठीमागं लपवली.