चेहरा सगळ्यात शेवटी

चिनीमातीच्या बाहुल्या पॅक करण्यात माझ्या आत्याची हयात गेली. कारखान्यात कुणी वर्तमानपत्र वापरलं की ती खेकसायची, "शाई गालाला लागते! अक्कल गहाण ठेवलीस का?" आत मऊ पांढरा कागद, बाहेर जाड खाकी. सुरुवात पायांपासून, चेहरा सगळ्यात शेवटी आणि तोही सैलसर. "नाहीतर जीव गुदमरतो गं त्यांचा," म्हणायची. आम्ही पोट धरून हसायचो.

आत्या गेली आणि तिच्या टेबलाशी मी आले. काल घाईत एका बाहुलीचा चेहराच आधी गुंडाळला, चांगला घट्ट. कात्री घ्यायला वळले, तोच मागे कागद सळसळला. पंखा तर बंद होता. पाहिलं तर ओठांवरचा कागद आत ओढला जात होता, मग हळूच फुगत होता. मी तो टराटरा फाडला.

आतून तो ओला होता.