बसायच्या जागेला पॉलिश

"काका, तुमच्या सीटवर मी बसत नाय. मी तिच्यावरून नुसती ये-जा करते."

सोनालीने हे माझ्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. त्यातला एक जण लगेच म्हणाला की तो नंतर येईल. तो अजून आलेला नाही.

कर्जतला माझं गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. सीट फाटली, फोम बसला, कव्हर विटलं की माणसं माझ्याकडे येतात. एकतीस वर्षं झाली. शिलाई मशिनवर माझी बायको मंदा बसते. कापणं आणि चढवणं माझ्याकडे. सीट टणक आहे, सीट उसवली, सीटचा वास येतो, या सगळ्या तक्रारी मी पचवल्या होत्या. सीट माणसाला धरून ठेवत नाही, ही तक्रार नवीन होती.

सोनाली कशेळ्याकडची. खालापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिचा बाप हिराजी पावसाळ्यात लोकांच्या शेतात ट्रॅक्टरने चिखलणी करतो आणि भात निघालं की पिकअपमधून पेंढा पोचवतो. पोरगी दहावीत असताना त्यानेच तिला ट्रॅक्टर शिकवला. आता ती सुट्टीच्या दिवशी ऑटोक्रॉस चालवते. म्हणजे मोकळ्या मातीच्या मैदानात प्लास्टिकचे कोन मांडतात, त्यांच्यामधून वाट आखतात आणि एका वेळी एकच गाडी सोडतात. शर्यत घड्याळाशी. कोन पाडला की वेळेत दंड वाढतो. सगळे हौशी असतात आणि गाडी घरचीच असते.

घरची गाडी, इथेच घोडं अडलं होतं. मागच्या खेपेला सोनालीने सात कोन पाडले होते आणि आठव्याऐवजी आयोजकांचं टेबल. बंपर चेपला. हिराजीने तिला सांगून टाकलं होतं, "येत्या रविवारी मी सोता बघाया येतो. एक फेरी, एक बी कोन न पाडता. नाय जमलं तर हे बंद."

"बाबा बोलला म्हणजे संपलं," सोनाली मला म्हणाली. "आणि चूक माझी नाय, काका. गाडी डावीकडे वळली की मी उजवीकडे दाराला चिकटते. मग स्टिअरिंगला लटकते. लटकलेला माणूस स्टिअरिंग फिरवणार कसा?"

मुद्दा बरोबर होता. स्टिअरिंग फिरवण्यासाठी असतं, धरून राहण्यासाठी नाही. ड्रायव्हरला धरायचं काम सीटचं आणि बेल्टचं.

मी सीट उतरवली. सीटच्या दोन्ही कडांना जे उंचवटे असतात त्यांना बोल्स्टर म्हणतात. मांड्या आणि बरगड्या तेच आवळतात. कव्हर मीच कधीतरी शिवलेलं, पण आतले बोल्स्टर बसून बसून सपाट झाले होते. जुनी गाडी, सीटमध्ये एअरबॅग नव्हती, म्हणून मी कडांना हात लावला. असती तर लावलाच नसता. मऊ फोम काढला आणि तुकडे दाबून केलेला टणक फोम भरला. सोनालीला बसवून, खुणा करून, पुन्हा तासला. तीन वेळा. वरून तात्पुरतं जाड मांजरपाट ताणलं आणि आम्ही एका बंद भातगिरणीच्या आवारात ट्रायलला गेलो. कोन म्हणून माझ्याकडचे रंगाचे रिकामे डबे उलटे ठेवले.

तिथे तिने मला बेल्टची युक्तीही दाखवली. गाडीचा नेहमीचा बेल्ट हळू ओढला की सुटत राहतो, झटका दिला की अडकतो. म्हणून सीट एक खाच मागे न्यायची, बेल्ट लावायचा, छातीवरचा पट्टा झटक्यात ओढून अडकवायचा आणि तसाच धरून सीट पुन्हा पुढे घ्यायची. बेल्ट असा आवळतो की श्वास मोजून घ्यावा लागतो.

ती चार फेऱ्या मारून आली. एकही डबा हलला नव्हता.

"काका, आता मी गाडीत हाय," ती म्हणाली. इतका आनंद मला कुठल्याही बिलाने दिला नव्हता.

इथे काम थांबवायला हवं होतं. मंदाने तसं सांगितलंही.

"अहो, हे कापडच ठेवा. चांगलं धरतंय."

"मांजरपाट? माझ्या दुकानातून?" मी म्हणालो. "काम केलंय ते दिसायला नको?"

आमच्याकडे कापडाची सीट कोणी घेत नाही. सगळ्यांना रेक्झिन लागतं, कारण चिखलाचे पाय आणि धूळ ओल्या फडक्याने निघते. मी काळं रेक्झिन काढलं, कडांच्या शिवणीला लाल पायपिंग, म्हणजे जाड गोट घातला, डोक्याच्या टेकूवर दुकानाचं नाव शिवलं. शनिवारी संध्याकाळी डिलिव्हरी दिली. डिलिव्हरीच्या आधी पॉलिशचा हात मारल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. त्याशिवाय काम पुरं झालं असं मला वाटतच नाही.

रविवारी सकाळी मी आणि मंदा खालापूरला मैदानावर गेलो. सपाट केलेला माळ, कडेला मांडव, चौदा गाड्या. हिराजी पिकअप घेऊन आधीच आला होता. तबेल्यात पेंढा उतरवून तो तसाच आला होता. पिकअपच्या ड्रायव्हर सीटवर नेहमीसारखं गोणपाट अंथरलेलं. त्या गोणपाटाचा माझ्यावर जुना राग होता, म्हणजे माझा त्याच्यावर. तीन वर्षं मी हिराजीला सीट शिवून घे म्हणत होतो आणि तीन वर्षं तो "गोणपाट हाय ना" म्हणत होता. माझ्या धंद्याचा इतका थेट अपमान दुसऱ्या कोणी केलेला नाही.

सोनाली हेल्मेट घालायला गेली तेव्हा मला तिच्या सीटवर धूळ दिसली. चौदा गाड्यांचे लोक सीट बघणार होते. बाटली माझ्या पिशवीत असतेच. मी हात मारला. चांगला दोनदा मारला. सीट आरशासारखी झाली.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. सोनालीची पहिली फेरी सुरू झाली. पहिल्या वळणाला तिचं हेल्मेट खिडकीत दिसलं. दुसऱ्या वळणाला ते गाडीच्या मधोमध दिसलं. तिसऱ्या वळणाला ते दिसलंच नाही, कारण ती सीटवरून पुढे घसरून बेल्टच्या खाली चालली होती. तीन कोन पडले.

ती आली, उतरली, हेल्मेट काढलं. मंदाने तिला पाणी दिलं. मला काय झालं ते कळेना. बोल्स्टर तेच, बेल्ट तोच.

हिराजी पिकअपमधून उतरून सावकाश आला. त्याने लेकीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. उघड्या दारातून आत वाकला, सीटवरून तळहात फिरवला आणि तळहाताचा वास घेतला.

"काय लावलंस रं वसंता ह्याला? तेल?"

"पॉलिश आहे."

"कशाला?"

"चकाकायला."

"बसायच्या जागेला?"

मी पिशवीचं तोंड आवळलं. मंदा मात्र बोलली. ती म्हणाली, "सकाळीपण लावलंय, दोन हात." एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईने असं करू नये. त्या क्षणी मला खरोखर लाज वाटली. पोरीने महिनाभर जपलेला रविवार मी एका फडक्याने पुसून टाकला होता.

हिराजी पिकअपकडे गेला आणि गोणपाट घेऊन आला.

"चिखलनीला ट्रॅक्टरची पत्र्याची सीट वली असते," तो म्हणाला. "वीस वरसं ह्याच्यावर बसून मी एकदा बी घसारलो नाय. घाल तिच्यात."

मैदानावर स्क्रुटिनीला, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासायला, पुण्याचा एक इंजिनिअर होता. त्याने दुरूनच हात हलवला. "गाडीत लूज काही चालणार नाही. निघून पेडलखाली गेलं तर?"

"शिवलं तर?" मी विचारलं.

"शिवलं तर बघतो. तुमच्या आधी अकरा गाड्या आहेत."

मी सुरी, दाभण आणि सुतळी काढली. सीटवरचं पॉलिश मंदाने साबणाच्या पाण्याने तीनदा धुतलं. गोणपाट मापाने कापलं, सीटवर आणि पाठीवर ताणलं आणि कडेने टाके घातले. माझ्या नव्या रेक्झिनमधून, लाल पायपिंगच्या अगदी बाजूने. प्रत्येक टाक्याला जीव तुटत होता. सोनाली सुतळी कापून देत होती. सगळे तुकडे एका मापाचे निघत होते. क्वालिटीची सवय.

इंजिनिअरने येऊन दोन्ही हातांनी गोणपाट ओढलं. मग गुडघा टेकवून ओढलं. "ओके," म्हणाला. थोडं थांबून विचारलं, "हे कोणत्या कंपनीचं?"

"भाताचं," हिराजी म्हणाला.

सोनालीने सीट एक खाच मागे घेतली, बेल्ट अडकवला, सीट पुढे आणली. झेंडा पडला.

मी वळणं बघितलीच नाहीत. फक्त खिडकीतलं हेल्मेट बघत होतो. पहिल्या वळणाला ते जागेवर होतं. तिसऱ्या वळणालाही. शेवटच्या जोडीतून गाडी निघाली तेव्हा डावा कोन डुलला. हिराजीने माझं मनगट धरलं. चिखलणीच्या हाताने धरलं होतं, त्यामुळे पुढचं मला नीट आठवत नाही. कोन उभा राहिला.

ती चौदात नववी आली. एकही कोन पडला नाही. हिराजीने लेकीच्या पाठीवर थाप मारली, "पाठीला टोचलं असंल," एवढंच म्हणाला आणि पिकअप घेऊन निघून गेला.

गुरुवारी तो दुकानात आला. पिकअप दारात उभी केली.

"सीट शिवायची म्हनत व्हतास ना? शिव आता. गोणपाट पोरीनं ठेवून घेतलं. पुढल्या महिन्यात परत शर्यत हाय म्हनं तिची."

"जाऊ देतोस?"

"आता सीटला बसते ना ती." तो दारात थांबला. "अन् वसंता, कापड लाव."

मी कापड लावलं. आता कोणी सीट शिवायला आलं की आधी विचारतो, बसायला हवी की दाखवायला. बहुतेक जण चिडतात. पॉलिशची बाटली मंदाने फेकू दिली नाही, पण ती आता फक्त डॅशबोर्डला लागते. डॅशबोर्डवर कोणी बसत नाही.