इराचा नमस्कार

शेजारच्या इराचा पाय चुकून बास्केटबॉलला लागला, की तिची बोटं आपोआप आधी छातीला आणि मग कपाळाला जात. ही सवय तिच्या आईची, माझ्या मैत्रिणीची, सुनंदाची देणगी. इथे कॅनडात, केंब्रिजमधल्या त्यांच्या ड्राइव्हवेवर बास्केट लागलं त्याच दिवशी सुनंदानं लेकीला बजावलं होतं, "पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतेस ना? मग ह्यालाही करायचा. तुझी विद्या आहे ती." पुस्तकांशी इराचं फारसं जमलं नाही, पण चेंडूचा मान तिनं कायम राखला. तो माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात सतत येऊन पडायचा. टोमॅटोंना मात्र तिनं कधी नमस्कार केल्याचं मला आठवत नाही.

उंची सहा फुटांच्या वर, वेणी घट्ट आणि आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. शाळेनंतर ती शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेली. पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून पोलंड, स्पेन, तुर्कस्तान. तिकडे तिच्या नावाचे टीशर्ट घालून लोक मॅचला यायचे. आमच्या मंडळाच्या गणपतीत मात्र कुणी ना कुणी काका तिला गाठायचेच.

"खेळतेस ते छानच गं, पण करतेस काय?"

"काका, हाच जॉब आहे. पळायला तुम्ही जिमला पैसे देता, मला लोक पैसे देतात."

"मोठ्यांशी असं बोलतात का?" म्हणत सुनंदा तिला डोळे वटारायची, आणि घरी येऊन तोच किस्सा मला रंगवून सांगायची.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात इरा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आली होती. वय तिशीपलीकडे गेलेलं, आणि क्लबनं एक कोरडी ईमेल पाठवून करार संपवलेला. बेसमेंटमध्ये व्यायामाची सायकल मारता मारता ती मला म्हणाली, "काकू, मला कळतं, गुडघा आता पूर्वीसारखा नाही. थांबायचंच आहे. पण आय वाँट टु बी द वन हू स्टॉप्स. मला कुणी थांबवलेलं नकोय." टोरांटोजवळ एका स्थानिक टीमकडून ती एक मॅच खेळणार होती. फ्रान्समधल्या एका क्लबच्या कोचबाई खास तिला बघायला येणार होत्या. दुसरं कुणी तिला विचारत नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त त्या एका मॅचवर.

सुनंदा आणि मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. इराच्या पायांत जुना वेग नव्हता, पण चेंडू जिथे यायचा तिथे ती आधीच जाऊन उभी असे. बघताना माझा ऊर भरून येत होता. शेवटच्या मिनिटाला तिची टीम एका गुणानं मागे होती. तेवढ्यात इरा आणि समोरची मुलगी, दोघींच्या पायांत घुटमळून चेंडू रेषेबाहेर गेला. शेवटचा ज्या टीमला लागला, तिला तो मिळत नाही. रेफरीला नीट दिसलं नव्हतं. त्यानं चेंडू इराच्या टीमला दिला, आणि त्याच क्षणी इराची बोटं छातीला गेली, कपाळाला गेली.

समोरची मुलगी युनिव्हर्सिटीत तिच्याबरोबर खेळलेली. ती ओरडलीच, "शी डिड हर थिंग! तिच्याच पायाला लागला!" रेफरीनं इराकडे पाहिलं. इरानं होकारार्थी मान हलवली. चेंडू गेला आणि मॅचही गेली.

"मीच मेलीनं शिकवलं हो हे!" सुनंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पार्किंगमध्ये तिला राहवेना. "आजच्या दिवस हात खाली ठेवला असतास तर?"

"आई, हात मला विचारून जातो का?" इरा म्हणाली, आणि खो खो हसत सुटली.

त्यानंतर कितीतरी दिवस फोन आला नाही. इरा शेजारी फोन ठेवून सायकल मारत राहिली, आणि सुनंदा स्वतःला दोष देत राहिली. एका दुपारी आम्ही तिघी त्यांच्या किचनमध्ये थालीपिठं थापत असताना फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून इरानं कोपरानं स्पीकर लावला. कोचबाईंनी आडवळण घेतलंच नाही. तुझा गुडघा टिकतोय असं दिसलं, म्हणाल्या, एका सीझनचा करार देतो, येशील का?

इरानं तव्यावरचं थालीपीठ उलटलं. मग तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "थँक यू फॉर आस्किंग मी. पण नाही... सॉरी, नो. आय ॲम डन."

फोन बंद झाल्यावर सुनंदा तिच्यावर तुटूनच पडली. "अगं, ह्याचसाठी तर उन्हाळाभर मर मर मरत होतीस ना?"

"ह्याचसाठी, आई. त्यांनी विचारलं ना? आता मी थांबते."

मी ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा केक कापला, भाषणं झाली. पण 'अजून थोडे दिवस राहता का' असं एकानंही विचारलं नव्हतं. खरं सांगते, मला त्या पोरीचा हेवा वाटला, आणि आनंदही तितकाच झाला. सुनंदानं तव्याखालची आच बंद केली आणि पिठाच्या हातांनीच लेकीला जवळ घेतलं. तिचं डोकं जेमतेम इराच्या खांद्याला लागत होतं, आणि इरा वाकून उभी होती.