निरोपाच्या व्हिडिओतली दुसरी खुर्ची

माझ्या निवृत्तीचं भाषण मी मोबाईलवर पहिल्यांदा घेतलं, तेव्हा स्वतःलाच श्रद्धांजली वाहून बसलो.

त्यात माझा फार दोष नाही. आमच्या भावकीत दहाव्याला चार शब्द बोलायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडं आहे. कोणी गेलं की फोन येतो, "दादा, बोलायला तुम्हीच." त्यामुळं भाषण म्हटलं की माझा गळा आपोआप त्याच सुरात लागतो. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, बटण दाबलं, घसा साफ केला आणि सुरू झालो, "अत्यंत जड अंतःकरणानं सांगावं लागतं, की एक मनमिळाऊ, कष्टाळू माणूस आज आपल्यातून चालला आहे..." बोलता बोलता मला माझंच इतकं वाईट वाटायला लागलं की डोळे भरून आले. "आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून" इथपर्यंत पोचलो, तर स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन बायको धावत आली.

"अगं बाई! कोण गेलं?"

"मी," म्हणलं. "महिनाअखेरीला."

तिनं एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि भाकरी थापायला परत गेली.

मी बियाण्याच्या कंपनीत होतो. जालन्यात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. इथं कोणाच्याही घरात डोकावलं तरी एखादा माणूस बियाण्यात नाही तर लोखंडात सापडतोच. माझं काम प्रयोगशाळेत, बी उगवतं की नाही हे बघायचं. ओल्या जाड कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ती उबदार कपाटात उभी ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं करू आणि मंग काहीतरी मोठं बघू. मोठं काही दिसलं नाही. कोंब मोजता मोजता केस पिकले.

हे काम एकट्याचं नव्हे. कागद भिजवायला, बिया मांडायला, गुंडाळ्या करायला माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून एक गृहस्थ होते. सगळी प्रयोगशाळा त्यांना भाई म्हणायची, मीही. घरी उर्दू, माझ्याशी मराठी, आणि यंत्र बिघडलं की यंत्राशी दोन्ही. कोंब मोजायची आमची एक पद्धत होती. मी मोठ्यानं मोजायचो, आणि दर दहाला भाई म्हणायचे, "बराबर." त्यांनी बराबर म्हटलं की पुढं जायचं. माझं चुकलं तर ते चूक दाखवत नसत. नुसते गप्प बसत. ती शांतता आली की मी निमूट मागं जाऊन पुन्हा मोजायचो. उलट कधी त्यांची डुलकी लागल्यामुळंही शांतता यायची, आणि मी बिनचूक ढीग चार चार वेळा मोजलेला आहे.

फरक एवढाच, की मी कंपनीच्या हजेरीपटावर आणि भाई ठेकेदाराच्या. ठेकेदार तीनदा बदलले, भाई तेच राहिले. आणि आता दोघांचा शेवटचा दिवसही एकच निघाला.

पूर्वी आमच्याकडं निवृत्ती म्हणजे अर्धं लग्न असायचं. कंपनीच्या आवारात मांडव, पाहुण्यांचे आहेर, सत्कारमूर्ती आणि त्यांच्या मंडळी जोडीनं खुर्चीत, आणि जेवायला गोडधोड. नव्या मालकांनी ते बंद केलं. आता सगळ्या शाखांचा मिळून मोबाईलवर एकच निरोप समारंभ, आणि जाणाऱ्यानं आधी व्हिडिओ करून पाठवायचा. पुण्याच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, वय आमच्या मुलीएवढं.

"सर, एकदम रिलॅक्स बोला हं. अगदी मनापासून. काय बोलायचं ते मी तुम्हाला पाठवलंय."

मनापासून बोलायचं ते मी वाचून पाहिलं. त्यात 'प्रवास' चारदा होता आणि 'कुटुंब' सहादा.

"मॅडम," म्हणलं, "माझ्याबरोबर भाईपण त्याच दिवशी जाऊन राह्यले. त्यांचा व्हिडिओ?"

तिनं यादी पाहिली असावी. "सर, ते आपले एम्प्लॉयी नाहीयेत ना."

"मंग इतकी वर्षं कोणाचे होते?"

"सर, पॉलिसी आहे," ती म्हणाली. बिचारी खरंच ओशाळली होती. पण मला तो शब्द फार झोंबला. मी तसा भांडखोर माणूस नाही. रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त मागितले तर मी देतो आणि घरी येऊन त्याला काय काय सुनावलं ते रंगवून सांगतो. पण हे काही पचेना. सहा वेळा कुटुंब लिहिता आणि पंगतीत बसलेल्याला विचारता, तू कोणाच्या हजेरीवर?

दुसऱ्या दिवशी कपाटाशी उभं राहून मी भाईंना सांगितलं, "रविवारी घरी या. व्हिडिओत दोन खुर्च्या मांडणार आहे."

"कायको साहेब?" गुंडाळी सरळ करत ते म्हणाले. "तुमची वरात, त्यात मी कशाला घोड्यावर?"

"तुम्ही नसाल तर मी पण न्हाई बसणार."

"बसा हो. तुमच्यासाठी शाल येईल, नारळ येईल."

"तुम्हाला वाईट न्हाई वाटत?"

त्यांनी हात पुसले. "वाटतं ना. का न्हाई वाटणार? पण मागून घेतलेला सत्कार मला नको. बिलकुल नको. कंपनीचे आभार मानायला बसवणार असाल तर नक्को. तुम्हाला माझी गरज असेल तर येतो."

मी म्हणलं, गरज आहे. तोंडदेखलं म्हणालो होतो. किती खरं होतं ते रविवारी कळलं.

रविवारी भाई इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. बायकोनं कधी नव्हे ते माझा शर्टही इस्त्री केला. दोन खुर्च्या मांडल्या. पुण्याहून आलेलं भाषण मी ओठांवर हसू ठेवून वाचलं, भाई शेजारी सरळ बसून राहिले. पाठवून दिलं. तासाभरात पुण्याचा फोन.

"सर, छान झालाय. फक्त आम्ही फ्रेम थोडी क्रॉप करतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही मधे दिसाल."

भाई समोरच चहा पीत होते. फोनचा आवाज मोठा. त्यांनी बशी खाली ठेवली आणि टोपी नीट करत उठले. "चला साहेब, निघतो. फोटूतून बाजूला व्हायला मला कात्री लागत न्हाई."

तेव्हा माझं डोकं फिरलं. बायको सांगते, माझे कान लाल झाले होते. "बसा खाली," मी भाईंना म्हणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम दिला. "कोंब मोजतो तसं बोलू. मी एकेक वाक्य बोलणार. खरं असंल तर तुम्ही बराबर म्हणा. बघू कसे कापतात. तुमच्याशिवाय मी पुढच्या वाक्याला जाणारच न्हाई."

"आणि खरं नसेल तर?"

"तर नेहमीचंच."

ते हसले आणि बसले. बायकोनं मोबाईल हातात धरला, कारण साखरेचा डबा रिकामा होऊन हलायला लागला होता.

"आम्ही दोघं एकाच दिवशी इथं कामाला लागलो," मी म्हणलं.

"बराबर."

"मे महिन्यात बियाण्याच्या थंड खोलीत आम्ही चोरून टरबूज ठेवायचो."

"बराबर. फोडायचं मात्र मलाच."

"रमजानमध्ये मी यांच्यासमोर डबा उघडत नव्हतो, तर हे मला हाकलून द्यायचे, जेवा म्हणायचे, उपाशी माणूस मोजणीत चुकतो."

"बराबर."

"गुंडाळी उघडताना माझ्या छातीत अजून धडधडतं. आत हिरवं असेल की कुजका वास येईल, हे इतक्या वर्षांनी सुद्धा बाहेरून सांगता येत न्हाई मला."

"बराबर. मला पण."

मंग मी पुण्याच्या कागदातलं वाक्य घेतलं. "कंपनीनं आम्हा सर्वांना कुटुंबासारखं सांभाळलं."

भाई गप्प.

मी मोबाईलकडं बघितलं, बायकोनं तो जरासुद्धा हलवला नाही. सवयीनं मी मागं गेलो आणि पुन्हा मोजलं. "कंपनीनं मला कुटुंबासारखं सांभाळलं."

थोडा विचार करून भाई म्हणाले, "बराबर."

तोच व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं नाही.

समारंभाच्या दिवशी माझं घर भरलं होतं. कंपनी मांडव घालत नाही तर नको. पिंपळगाव रेणुकाईहून माझा मेव्हणा आहेर घेऊन आला होता, प्रयोगशाळेतल्या बाया आल्या होत्या, भाईंच्या घरची मंडळी शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आली होती. टीव्हीला मोबाईल जोडून सगळे सतरंजीवर. पडद्यावर चौकटीचौकटीतून साहेब लोक बसलेले. एकेकाचा व्हिडिओ लागत होता, प्रवास आणि कुटुंब, प्रवास आणि कुटुंब. माझा नंबर आला. पडद्यावर माझा ओळखपत्रावरचा फोटो, भोवती फुलांची चौकट.

"सरांच्या व्हिडिओला जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे," त्या मुलीचा आवाज. "आपण टाळ्या वाजवू या."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, फोटोला हार घातल्यासारखं दिसून राह्यलंय."

सगळे हसले. भाई मागं दाराशी उभे होते. ते हसले नाहीत. ते चपला शोधत होते.

मी मोबाईल उचलला आणि आवाजाचं बटण दाबलं. "मॅडम, माझा आवाज येतोय का?"

"सर... हो, येतोय, पण..."

"मंग प्रॉब्लेम न्हाई. व्हिडिओ राहू द्या, मी तोंडीच बोलतो. भाई, इकडं या."

"साहेब, जाऊ द्या," भाई दारातून म्हणाले.

"मोजणी अर्धी ठेवून आपण कधी घरी गेलोय का?"

ते आले. बायांनी सरकून जागा केली, कोणीतरी खुर्ची पुढं ढकलली. मी सुरुवात केली, एकाच दिवशी लागलो, बराबर, टरबूज, बराबर. चौकटीतला एक साहेब हसला, दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. मी कुटुंबाच्या वाक्याला पोचलो, भाई गप्प बसले, आणि त्या शांततेतच मोबाईलवर अक्षरं आली, तुमचा आवाज बंद करण्यात आला आहे.

आवाज बंद केला, पण चित्र ठेवलं. त्या मुलीला तेवढं करता आलं असावं. मी तिचं ते मानतो. आम्ही दोघं चौकटीत दिसतच होतो.

मी थांबलो नाही. मुक्या मोबाईलला धरून भरल्या घरात सगळं भाषण पुरं केलं. थंड खोली, डबा, कुजका वास, सगळं. शेवटी म्हणलं, "आज आमच्या प्रयोगशाळेतनं दोन माणसं निवृत्त झाली."

भाई गप्प.

भाईंची निवृत्ती कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हती, आणि ते खोट्याला बराबर म्हणत नाहीत. मला मागं जाणं भाग होतं. मी आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "एक." मंग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बराबर," ते म्हणाले.

पुढं काय गलका झाला ते सांगत नाही. आहेर मेव्हण्यानं दोघांना वाटून नेसवला, माझं धोतर भाईंना गेलं आणि टॉवेल-टोपी मला उरली, यावरून अजून थट्टा चालते. पाहुणे पांगल्यावर मी पाय लांब करून बसलो. आता भीती वाटायला लागली होती. पुण्याहून काही कागद येईल, कोणी निवृत्तीचे पैसे अडवील, असलं डोक्यात फिरत होतं. बायको शीरखुर्म्याच्या वाट्या गोळा करत होती. म्हणलं, "फार बोललो का गं मी?"

ती वाट्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बोललात की," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी म्हणायची, यांचा मेला आवाज फक्त घरातच चढतो."